रंग दिलेली जुनी सायकल नेमकी कोणत्या कंपनीची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुनी, काळी, रॉड ब्रेकची सायकल दिसली की लोक सरसकट तिला 'रॅले' (इंग्लंडची जुनी सायकल कंपनी) म्हणतात. ती मद्रासकडची हर्क्युलस असू शकते, सोनीपतची ॲटलस असू शकते किंवा तीन सायकलींची मोडतोड जोडून उभी केलेली चौथीच काहीतरी असू शकते. शहर गिरण्यांचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर पाळीला जाणारी माणसं सायकलनेच जायची. त्यातल्या कितीतरी फ्रेमा अजून माळ्यावर, जिन्याखाली किंवा भंगारवाल्याकडे पडून आहेत. मात्र दसरा आला की सायकलला नवा रंग, खंडेनवमीला तिची पूजा, असं वर्षानुवर्षं चालल्यामुळे कंपनीचं नाव कुठल्या थराखाली गेलं ते घरच्यांनाही सांगता येत नाही. अशा फ्रेमा ओळखण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

सायकलवर एकही अक्षर नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी पॉलिश पेपर खाली ठेवा. नव्वद टक्के पुरावा या घाईतच जातो.

सायकलीच्या दोन याद्या करा. पहिल्या यादीत जे बदलता येत नाही ते: फ्रेमच्या नळ्या, त्यांच्या सांध्यावरचे लग (नळ्या एकत्र धरणाऱ्या बाह्या), बीबीचं म्हणजे बॉटम ब्रॅकेटचं कवच (पेडलची धुरी फिरते ती आडवी नळी) आणि आतले आटे, मागचं चाक बसतं त्या पट्ट्या, हेडवरची (हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीवरची) भोकं, ठोकलेला नंबर. दुसऱ्या यादीत बाकी सगळं: चेनव्हील (पेडलपाशी असलेलं दात्यांचं चाक), हँडल, मडगार्ड, सीट, चाकं, कॅरिअर, ब्रेकचे रॉड. हे सामान दुकानात सुटं मिळतं आणि पन्नास वर्षांत ते बदललं गेलेलंच असतं. दुसऱ्या यादीतला पुरावा ऐकून घ्यावा, पण निकाल पहिल्या यादीवर द्यावा. बहुतेक भांडणं हा क्रम उलटा लावल्यामुळे होतात.

मग फोटो काढा. पूर्ण सायकल चेनच्या बाजूने, हेड समोरून, सीटखालचा सांधा मागून आणि बाजूने, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याचा) खांदा, मागच्या पट्ट्या, बीबीची खालची बाजू. पट्टी किंवा टेप शेजारी धरून काढलेला फोटो नुसत्या फोटोपेक्षा कितीतरी कामाचा.

नंबर कुठे असतो? रंगाखाली गेलेला नंबर कसा वाचायचा?

पाहायच्या जागा मोजक्याच: बीबीच्या कवचाची खालची बाजू, सीटच्या नळीचा वरचा लग (मागून आणि दोन्ही बाजूंनी), हेडची नळी, मागच्या पट्ट्या. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली की अर्धं काम सोपं होतं. बीबीखाली मात्र ग्रीस, धूळ आणि रंगाचा मिळून दगड झालेला असतो. तो आधी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने मऊ करा.

पुढचं काम सबुरीचं. चिंधीचा लहान तुकडा थिनरमध्ये भिजवा, संशयाच्या जागेवर ठेवा आणि वरून प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. सोलापूरच्या उन्हात थिनर बघता बघता उडून जातं, म्हणून हे सकाळी लवकर, सावलीत करायचं. रंग फुगला की लाकडी काडीने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने सारा. पटाशी नको, स्क्रू ड्रायव्हर नको, ग्राइंडर तर नकोच. ठोकलेल्या आकड्यांची खोली फार नसते. ग्राइंडरची चकती दोनदा फिरली तर आठाचा तीन होतो आणि मग आयुष्यभर चुकीचा नंबर शोधत बसावं लागतं.

सगळा रंग काढायचा नसेल तर टॉर्च अगदी आडवी, धातूला चिकटून धरा. सरळ उजेडात सपाट दिसणारा पृष्ठभाग आडव्या उजेडात आकडे दाखवायला लागतो. त्यावर खडूची पूड चोळून वरची पुसून घेतली की खाचांमध्ये पांढरं राहतं. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तरी बऱ्याचदा उमटतं. हे सगळे प्रकार करून बघा आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो ठेवा, कारण एकात पाच दिसतो तो दुसऱ्यात सहा निघतो.

मालक, नंबर तर सापडला. आता नेटवर टाकला की मॉडेल कळेल ना?

नाही. मोटारसायकलच्या चॅसिस नंबरची सवय असल्यामुळे ही अपेक्षा तयार होते. जुन्या सायकलचा नंबर मुख्यतः कारखान्याच्या मोजणीसाठी आणि चोरी झाली तर ओळख पटवण्यासाठी असायचा. नंबर टाकला की मॉडेल सांगेल अशी सोय जुन्या भारतीय सायकलींसाठी नाही.

काही इंग्लिश नंबर मात्र बोलतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने १९७३ च्या सुमारास नवी पद्धत आणली. तीत पहिलं अक्षर कारखान्याचं (नॉटिंगहॅमसाठी इंग्रजी एन), दुसरं अक्षर महिन्याचं आणि त्यानंतरचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. म्हणजे पाच आला तर १९७५ की १९८५ हे बाकी सायकलवरूनच ठरवायचं. त्याआधीचे नुसत्या आकड्यांचे नंबर इतके सरळ नाहीत.

तरीही नंबराची ठेवण पाहावी. किती आकडे, आधी अक्षर आहे का, टंक बारीक की जाड, ओळ बीबीवर आडवी आहे की लगवर उभी. ज्या सायकलीची ओळख पक्की आहे तिच्या शेजारी ठेवून हे जुळवलं तर ते बरंच सांगून जातं.

नंबराच्या बाजूला मराठी अक्षरं ठोकलेली आहेत. हा कंपनीचा कोड आहे का?

तो मालकाच्या नावाचा. पूर्वी सायकल घेतली की लोहाराकडून किंवा मिस्त्रीकडून अक्षरांच्या पंचने नाव किंवा आद्याक्षरं ठोकून घ्यायचे. भाड्याने सायकली देणारी दुकानं आपला अनुक्रमांकही फ्रेमवर ठोकायची किंवा रंगवायची. त्यामुळे सीटच्या नळीवर एखादा दोन आकडी नंबर दिसला तर तो कारखान्याचा समजू नये.

दोघांतला फरक बोटाला कळतो. कारखान्याचे आकडे एका उंचीचे आणि बहुधा एका ओळीत, त्यांच्या खाचांच्या तळाशी सगळ्यात पहिला रंग असतो. दुकानातला पंच वाकडा पडतो, एक अक्षर खोल आणि दुसरं उथळ, खाचेची कड वर आलेली. बऱ्याचदा तो जुन्या रंगाच्या वरूनच ठोकलेला असतो, म्हणजे खाचेत पहिला थर फाटलेला दिसतो. असं नाव सापडलं तर ते घासून टाकू नका. कंपनी त्याने कळणार नाही, पण घरात कुणाची सायकल होती हा प्रश्न तिथेच सुटतो.

हेडवरचा बिल्ला गेला आहे. नुसत्या भोकांवरून काही कळतं का?

कळतं, आणि या प्रश्नाकडे लोक देतात त्याहून जास्त लक्ष द्यायला हवं.

रंगाऱ्याने भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली असतात, त्यामुळे बाहेरून हेड गुळगुळीत दिसतं. हँडल आणि फोर्क काढून हेडच्या नळीत आतून टॉर्च मारा. आतल्या बाजूला लांबी पोचलेली नसते. तिथे भोकांची गोल कड, कधी कधी तुटलेल्या रिव्हेटचं टोकही दिसतं. भोकं किती आहेत, एकाखाली एक आहेत की शेजारी शेजारी, आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर, हे मोजून लिहून ठेवा. हे माप खऱ्या बिल्ल्याच्या भोकांशी जुळलं तर तो पुरावा वजनदार. जुळलं नाही तर त्याहून वजनदार, कारण त्यामुळे एक कंपनी पूर्ण बाद होते.

भोकंच नसतील तर मूळ सायकलीवर पत्र्याच्या बिल्ल्याऐवजी स्टिकर होतं. स्वस्त मॉडेलांत आणि नंतरच्या काळात हे सर्रास चालायचं. आणखी एक: हेडवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, थर थर करत उतरवला तर बिल्ल्याची कड एखाद्या थरात वर्तुळासारखी उमटलेली सापडते. पहिल्या दसऱ्याला रंगाऱ्याने बिल्ला न काढता त्याच्या कडेने ब्रश फिरवलेला असतो, त्याची ती खूण.

आणि हो, आज बाजारात रॅलेच्या बगळ्याचा नवाकोरा बिल्ला सहज मिळतो. चकचकीत बिल्ला आणि त्यामागे काल पाडलेली भोकं, ही जोडी आता नवलाची राहिलेली नाही.

चेनव्हील बघून कंपनी ओळखता येते म्हणतात. खरं का?

चेनव्हील ओळखता येतं. ते ज्या फ्रेमला लावलंय तिची ओळख त्याने पटते असं नाही.

जुन्या कंपन्या चेनव्हीलमध्ये आपली खूण कापून घ्यायच्या आणि त्या खुणा खरंच देखण्या आहेत. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळे. हा बगळा कंपनीच्या फ्रँक बाउडेन यांच्या घराण्याच्या चिन्हातून आला. रज या इंग्लिश कंपनीच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा. हंबर या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या आकृत्या. बीएसएमध्ये सरळ ती तीन इंग्रजी अक्षरं, आणि बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका, कारण बर्मिंगहॅमची ही कंपनी मुळात शस्त्रं बनवणाऱ्यांची.

पण दात झिजले की चेनव्हील बदलतात. भंगारातून आलेलं रॅलेचं चेनव्हील ॲटलसला बसवायला मिस्त्रीला किती वेळ लागतो? क्रँक (पेडलचा दांडा) धुरीवर पक्का धरणारी कॉटर पीन ठोकून काढायची, नवी ठोकायची. म्हणून चेनव्हीलवरून शंका घ्यावी आणि फ्रेमवर तपासावी. क्रँकवर 'मेड इन इंग्लंड' दिसलं तरी तेवढंच. क्रँक इंग्लंडची आणि फ्रेम लुधियानाची असं लग्न आपल्याकडे शेकड्याने लागलेलं आहे.

इंग्लंडची की भारतात बनलेली, हे कसं ओळखायचं? आमच्या आजोबांनी तर 'विलायती' म्हणून घेतली होती.

आजोबा खोटं बोलत नव्हते. तेव्हा इंग्लिश नावाची प्रत्येक सायकल विलायतीच म्हटली जायची. मात्र नाव इंग्लिश आणि कारखाना भारतातला, अशी परिस्थिती स्वातंत्र्यानंतर लवकरच आली.

टीआय सायकल्सची स्थापना १९४९ मध्ये मद्रासला झाली. अंबत्तूरच्या या कारखान्यात हर्क्युलस बनू लागली, पुढे फिलिप्स आणि बीएसएही. सेन-रॅलेचा कारखाना पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ. तिथे १९५० च्या दशकात रॅले बनत होती, शिवाय रज, हंबर आणि रॉबिनहूड या नावांच्या सायकलीही. म्हणजे 'रॅले' निघाली तरी ती नॉटिंगहॅमची की आसनसोलची हा प्रश्न उरतोच, आणि सोलापुरात दुसरी शक्यता जास्त धरावी. सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची.

यांत लोक मुंबईच्या हिंद सायकलला हमखास विसरतात. वरळीला तिचा मोठा कारखाना होता. सेन-रॅले आणि हिंद या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण १९८० मध्ये एकाच कायद्याने झालं. सोलापूर मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावर. एका टोकाला हिंद, दुसऱ्या टोकाला टीआय. बिल्ला नसलेली काळी फ्रेम समोर आली की बगळा शोधण्याआधी ही दोन नावं डोक्यात ठेवा.

तिकडे इंग्लंडातही नावांची सरमिसळ झाली होती. रॅलेने १९३२ मध्ये हंबर घेतली, १९४३ मध्ये रज, १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभाग. १९६० मध्ये हर्क्युलस आणि फिलिप्सवाला गट रॅलेशी एकत्र आला. त्यानंतरच्या इंग्लिश हर्क्युलसमध्ये रॅलेची हाडं सापडतात ती यामुळे. त्यात फसवणूक नाही, कारखानाच एक झाला होता.

फ्रेमवर पाहायच्या गोष्टी या: फोर्कचा खांदा, लगची कड, मागच्या पट्ट्यांची जाडी. जुन्या रॅलेच्या रोडस्टरला (रोजच्या वापराच्या जड सायकलीला) गोल नळीचा खांदा आणि त्याच्या दोन टोकांवर चकचकीत टोपणं असतात. हंबरच्या चांगल्या मॉडेलांचा फोर्क तर लांबूनच कळतो, कारण प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या. असा फोर्क दिसला तर आधी बसून पाणी प्या, मग मोजमापं घ्या.

आटे मोजायचे म्हणजे काय? त्याने खरंच कळतं का?

रंगाने, गंजाने आणि रंगाऱ्याने ज्याला हात लावता येत नाही असा पुरावा म्हणजे बीबीचे आटे. माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच.

बहुतेक इंग्लिश पद्धतीच्या फ्रेमांत बीबीच्या वाट्यांना (कवचात दोन्ही बाजूंनी आवळलेल्या बेअरिंगच्या वाट्यांना) इंचाला २४ आटे असतात आणि कवचाची रुंदी ६८ मिलिमीटरच्या आसपास. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपलं वेगळं ठेवलं: इंचाला २६ आटे, आणि बऱ्याच मॉडेलांत कवच ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद. फोर्कच्या दांड्यावरही तसंच, इतरांचे २४ तर रॅलेचे २६.

मोजायचं असं. पेडल, क्रँक काढून डाव्या बाजूची वाटी खोला. उजव्या बाजूची, म्हणजे चेनकडची वाटी उलट्या आट्यांची असते. ती नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर ती आणखी आवळत जाईल आणि पाना घसरून बोटं सोलतील. तिला शक्यतो हात लावू नका, डावी पुरते. वाटी स्वच्छ करून तिच्यावर थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) ठेवा. गेज नसेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं काम करणारा कुठलाही जुना टर्नर गाठा. इंचांचे आटे त्याच्या रोजच्या कामातले. सायकलवाल्यापेक्षा तो लवकर सांगेल. तेही नसेल तर वाटीच्या आट्यांवर कागद दाबून ठसा घ्या आणि अर्ध्या इंचात किती रेघा येतात ते बघा. १२ आल्या तर २४ चा आटा, १३ आल्या तर २६ चा. एकाच रेघेचा फरक आहे, म्हणून दोनदा मोजा.

वाटी नंतर बदललेली असू शकते ना, असं कुणीतरी विचारतंच. असू शकते. पण २६ आट्यांच्या कवचात २४ ची वाटी नीट बसत नाही. जबरदस्तीने घुसवली असेल तर आटे खाल्लेले दिसतात. कवचातले आटे स्वच्छ असतील तर वाटीची साक्ष मानायला हरकत नाही.

फोर्क मूळचा आहे का, हे कसं समजेल?

रंगाचे थर मोजा. फ्रेमवर काळा, मग हिरवा, मग पुन्हा काळा असे तीन थर आणि फोर्कवर एकच, तर फोर्क नंतर आला. समोरून धडक बसली की फोर्क आधी वाकतो, त्यामुळे तो बदललेला असणं अगदी साधी गोष्ट आहे. चाकाचंही बघा. २८ इंची चाकासाठी केलेल्या फ्रेमला २६ इंचीचा फोर्क लावला की सायकल पुढे झुकल्यासारखी दिसते.

मूळ रंग कोणता होता हे शोधता येईल का?

येईल, फक्त उघड्यावर शोधू नका. ऊन, पाऊस आणि पॉलिश पेपर जिथे पोचलेला नाही तिथे बघा: हेडच्या वाट्या काढल्यावर त्यांच्या खाली, सीटच्या नळीच्या तोंडाशी, फोर्कच्या दांड्याच्या मुळाशी, मडगार्डच्या पट्टीने झाकलेल्या जागी, पंपाच्या हुकांच्या मागे.

मग एक छोटी खिडकी करा, रुपयाच्या नाण्याएवढी, वरच्या दांड्याच्या खालच्या बाजूला. पाणी लावून बारीक पेपरने गोल गोल घासलं की थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाबाहेर एक उघडत जातात. सगळ्यात आतला, धातूला चिकटलेला थर कारखान्याचा असतो. भट्टीत पक्का केलेला असल्यामुळे तो घासायला वरच्या थरांपेक्षा चिवट लागतो. त्याच्यावर बारीक सोनेरी किंवा लाल रेघ लागली तर थांबा. ती मूळ लायनिंग असू शकते. तिचा फोटो घ्या आणि ती नळीवर पुढे किती जाते ते हळू हळू बघा. सोलापुरातले पाटी रंगवणारे कलाकारही सायकलीवर सुरेख रेघा मारायचे, त्यामुळे रेघ कोणत्या थरावर आहे ते आधी पाहायचं. वरच्या थरावरची रेघ गावातली.

यात एक धोका आहे. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, भुकटी ओल्या कागदात गुंडाळून टाका. पेंट रिमूव्हर वापरणार असाल तर हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेतच.

वय कसं ठरवायचं?

एका खुणेवरून नाही, सगळ्या मिळून.

मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचं तीन गिअरचं हब (चाकाच्या मधला, आऱ्या बसतात तो भाग) असेल तर नशीब. त्याच्या कवचावर मॉडेलच्या अक्षरांबरोबर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ५८ आणि ११ दिसलं तर हब नोव्हेंबर १९५८ चं. हबचं वय म्हणजे सायकलचं वय असं नाही, कारण चाक बदलता येतं. पण हबची तारीख, आटे आणि नंबराची ठेवण एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर पुरे. आपल्याकडच्या बहुतेक सायकली साध्या फ्रीव्हीलच्या, त्यामुळे हे भाग्य कमी जणांना लाभतं.

पूर्वी अनेक गावांत सायकलवर कर होता आणि भरल्याचा धातूचा बिल्ला मिळायचा. तो जुन्या पेटीत सापडला तर वाचा. सोलापूरची महानगरपालिका १ मे १९६४ रोजी झाली. बिल्ल्यावर त्याआधीच्या नगरपालिकेचं नाव असेल तर सायकल त्यापूर्वी रस्त्यावर होती. घरातली पावती, दुकानाचं पितळी लेबल, लग्नातला फोटो हेही बघा. लग्नाच्या फोटोत नवरदेवामागे भिंतीला टेकवलेली सायकल बऱ्याच घरांत निघते, आणि तिच्यावर मूळ मडगार्ड, मूळ चेनकव्हर असतं.

नळीवर टिचकी मारून विलायती फ्रेम ओळखता येते का? मोबाईलवर फोटो टाकून?

टिचकीने नळी पोकळ आहे एवढंच कळतं. मोबाईल प्रत्येक काळ्या सायकलला रॅलेच सांगतो; त्यासाठी शेजारचे काका पुरेसे आहेत. लोहचुंबक मात्र जवळ ठेवा. तो नळीवरून फिरवताना एखाद्या जागी ढिला पडला तर तिथे लांबीचा जाड थर आहे, म्हणजे खाली पोचा किंवा बुजवलेलं भोक.

मागच्या नळ्यांवर जास्तीची भोकं आहेत. ती कशाची?

बहुतेक वेळा कॅरिअरची. चादरींचे आणि टॉवेलचे गठ्ठे वाहायला लोक जाड कॅरिअर बसवून घ्यायचे आणि मिस्त्री बेधडक ड्रिल मारायचा. कारखान्याचं भोक नेमक्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर असतं. डबल बारच्या (वर दोन आडवे दांडे असलेल्या) फ्रेमेला असं काम जास्त झालेलं दिसतं. डबल बार बऱ्याच कंपन्यांनी केली, त्यामुळे दुसऱ्या दांड्यावरून कंपनी ठरवू नका.

वाकड्या हँडलची, हलकी, गिअरची फ्रेम आहे. तिलाही हेच नियम?

पद्धत हीच, जोडीला सीटच्या दांडीचा व्यास मोजा. चांगल्या इंग्लिश फ्रेमा १९३५ मध्ये आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ नळीच्या असायच्या आणि तशा फ्रेमांत २७.२ मिलिमीटरची दांडी बसणं नेहमीचं. २५ च्या आसपासची दांडी असेल तर नळी जाड आणि साधी. फक्त नळीत आधी पत्र्याची पट्टी घातलेली नाही ना ते बघा. बारीक दांडी बसवण्यासाठी मिस्त्री तो जुगाड करतात.

शेवटी मॉडेलपर्यंत पोचता येतं का?

क्वचित. एकाच फ्रेमवर कारखाना तीन-चार मॉडेलं काढायचा. फरक चेनकव्हर, सीट, हब, दिवा यांत. हे सामान गेलं की फ्रेम तेवढी उरते आणि तिच्यावरून मॉडेलचं नाव ठामपणे सांगणारा माणूस बहुधा तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो. 'नॉटिंगहॅमची फ्रेम, २४ इंची, २८ इंची चाकांसाठी, साठच्या दशकाच्या आधीची' असं लिहून ठेवलंत तर ते पूर्ण उत्तर आहे. मॉडेलची जागा रिकामी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

भंगारात फ्रेम मिळाली, पण नंबराची जागा घासलेली आहे. घ्यावी का?

नको. नंबर गंजून गेला असेल तर धातू खडबडीत दिसतो. मुद्दाम घासला असेल तर सपाट, एका दिशेच्या ओरखड्यांचा. दुसऱ्या प्रकारची फ्रेम फुकट मिळाली तरी मंगळवार बाजारातच सोडून या. आणि घासलेली नसेल तरी विकणाऱ्याकडून तारीख, फ्रेमचा नंबर आणि सही असलेली साधी चिठ्ठी घ्या.

ओळख पटली. आता पुन्हा रंग द्यायचा आहे. काय सांभाळायचं?

हाताने द्या किंवा पावडर कोटिंग करा, आवडीचा प्रश्न. पावडर कोटिंगच्या भट्टीचं तापमान साधारण २०० अंशांपर्यंत जातं. पितळेने जोडलेल्या सांध्यांना त्याने धक्का लागत नाही. खरी भीती त्याआधीच्या सँड ब्लास्टिंगची. वाळूचा मारा नंबराच्या आणि बारीक लगच्या कडा खातो. फ्रेम देताना नंबरावर जाड टेपचे दोन-तीन थर स्वतःच्या हाताने लावा आणि ब्लास्टिंग झाल्यावर ती जागा हाताने साफ करून घ्या. बीबीच्या आणि हेडच्या तोंडाला बुचं बसवायला सांगा. आट्यांत पावडर भाजली गेली तर ती काढताना आटे मरतात. हेडची भोकं लांबीने भरू देऊ नका, त्यात काडी खोचून ठेवा. फ्रेम नेऊन देण्याआधी भोकांचं माप, आट्यांची संख्या आणि नंबर एका कागदावर लिहा, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि काम झाल्यावर सीटच्या नळीत सोडून द्या.